घरचा बिटकॉइन नोड: सॉफ्टवेअर झकास, मिनी यूपीएस भंगार

आधी निकाल सांगतो. बिटकॉइन कोअरबद्दल, म्हणजे नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, तक्रार शून्य. रास्पबेरी पाय ४, म्हणजे ज्या तळहाताएवढ्या संगणकावर ते चालतं तो (पुढे नुसता 'पाय'), ठीकठाक. त्याला जोडलेला पाच व्होल्टचा मिनी यूपीएस मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. दिवाळीपासून नोड चालवतोय, त्यातला निम्मा वेळ या डबड्यापायी गेला.

नोड म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची वही स्वतः तपासणारा संगणक. तरी "महिन्याला किती सुटतात?" असं विचारणारे भेटतातच. काहीही सुटत नाहीत. हे मायनिंग, म्हणजे व्यवहारांचे नवे गठ्ठे (ब्लॉक) बनवून नाणी कमावणं, नाही. नोड फक्त तपासतो: सही खरी आहे का, जी नाणी पाठवली जातायत ती आधीच खर्च झालेली नाहीत ना, जितकी आत आली त्यापेक्षा जास्त बाहेर जात नाहीत ना. मायनरलाही सूट नाही. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे नवी नाणी ३.१२५. शुल्क सोडून त्यावर एक कण जरी कुणी जास्त घेतला, तर माझं सहा वॅटचं यंत्र तो अख्खा ब्लॉक फेकून देतं. ऑगस्ट २०१० मध्ये बेरजेच्या तपासणीत भोक राहिलं होतं, त्यातून एका ब्लॉकमध्ये १८४ अब्ज नाणी निघाली. एकूण मर्यादा २.१ कोटी असताना! काही तासांत दुरुस्ती आली, पण हे वाचल्यापासून मी अपडेट टाळत नाही.

पहिला सिंक रडवतो. साखळी (आजवरचे सगळे ब्लॉक) साडेसहाशे जीबीच्या पुढे गेलीय आणि सगळी उतरवून तपासावी लागते. त्यातून जुन्या ब्लॉकमधल्या सह्या कोअर मुळात तपासतच नाही, ठरावीक ब्लॉकपर्यंतच्या बरोबर धरून चालतो. हिशेब तपासायला बसायचं आणि जुन्या वह्या न उघडताच शेरा मारायचा, हे मला पटेना. ही सूट देणारं 'अझ्यूमव्हॅलिड' सेटिंग शून्य केलं. पाय तापला, पंखा घ्यावा लागला, पण झालं.

आता लाईट. आमच्याकडे गुरुवारी जाते, पावसाळ्यात कधीही. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे क्षणभरही थांबत नाहीत, पण पाय तेवढ्यात रीबूट होतो. कोअर बराच डेटा रॅममध्ये धरून ठेवतो आणि अधूनमधून डिस्कवर उतरवतो. मध्येच वीज गेली की न उतरवलेलं पुन्हा तपासायचं. बहुतेक वेळा तो स्वतःच सावरतो. एकदा मात्र डेटाबेस खराब झाल्याचा संदेश आला आणि रीइंडेक्स, म्हणजे २००९ पासून पुन्हा श्रीगणेशा.

म्हणून तो मिनी यूपीएस आणला. लेबलवर "५ व्होल्ट, ३ अँपिअर". एसएसडी (साखळी जिच्यावर साठते ती डिस्क) कामाला लागली की व्होल्टेज बसलंच. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कुरकुरतो आणि वेग कापतो. थ्रॉटलिंग (वेग कापणं) तपासायची कमांड दिली की उत्तर ५०००५, म्हणजे आत्ता या क्षणीही वीज कमी पडतेय. मल्टिमीटर लावून फोटो काढले, दुकानात नेऊन दाखवले. दुकानदार म्हणाला, "राउटर चालतोय ना?" राउटरला १२ व्होल्टची पिन वेगळी आहे हो! वरच्या साहेबांनी तर कहर केला: "क्रिप्टो मायनिंगला वॉरंटी नाही." सहा वॅटमध्ये मायनिंग. हसावं की रडावं? पैसे परत नाहीत, बदलूनही नाही.

इथपर्यंतचं महिन्यापूर्वी लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा माझं मत "आपल्याकडच्या विजेवर नोडच्या नादी लागू नका" असं होतं. ते आता मागे. भावाकडे स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप पडून होता. लिनक्स टाकलं, तीच एसएसडी तोच फोल्डर ठेवून जोडली, झाकण लावल्यावर झोपू नये एवढं सेटिंग केलं. बॅटरी अर्धा तास टिकते, तेवढी पुरते. गुरुवार येतो आणि जातो. खर्च? पाय महिन्याला साडेचार युनिट खायचा, हा अकराच्या आसपास. साडेसहा युनिट जास्त, हे मला खुपतं, पण नवा यूपीएस घेण्यापेक्षा परवडतं.

त्यातच एक चांगली गोष्ट घडली. एक्सचेंजमधून (नाणी विकत घेतो त्या कंपनीकडून) नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढली. कस्टमर केअर म्हणे "आमच्याकडून गेलंय, नेटवर्क स्लो आहे". माझं वॉलेटचं सॉफ्टवेअर, स्पॅरो, माझ्याच नोडला जोडलेलं. त्यांनी दिलेला व्यवहार क्रमांक मेमपूलमध्ये (ब्लॉकमध्ये जायची वाट पाहणाऱ्या व्यवहारांत) नाही, ब्लॉकमध्ये नाही. तसं कळवलं, आणि त्याच संध्याकाळी तो क्रमांक मेमपूलमध्ये हजर! दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारलं असतं तर उत्तरासाठी त्याच्यावर विसंबावं लागलं असतं, वर माझे सगळे पत्ते त्याला कळले असते.

इंटरनेटवाल्यांच्या सीजीनॅटमुळे (अनेक घरांना मिळून एकच पत्ता) बाहेरून कुणी माझ्या नोडला जोडू शकत नाही, आपल्याकडून जाणाऱ्या दहा जोडण्यांवर भागतं. तपासणीला तेवढं बस्स. टॉर (ओळख लपवणारं नेटवर्क) लावून येणाऱ्याही घेता येतात, मी घेतल्या नाहीत. माझा अपलोड मी का जाळू?

जागेचं म्हणाल तर साखळी वर्षाला ऐंशी-नव्वद जीबीने वाढते. माझी एक टीबीची एसएसडी भरायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तेव्हा प्रून करीन. तपासणी तशीच होते, फक्त जुने ब्लॉक ठेवले जात नाहीत आणि जुनं वॉलेट नव्याने स्कॅन करता येत नाही. दोन टीबीची घेणार नाही.