नागपूरच्या उन्हात गच्चीवरची बंदिस्त खोली: चार छपरांची पारख

गच्चीचा कोपरा किंवा घरापुढचा पोर्च बंदिस्त करायचा म्हटलं की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडचे फॅब्रिकेटर मोबाइलवर बहुतेक एकच फोटो दाखवतात: वर पारदर्शक शीट, चहूबाजूंनी काच, मधे झोपाळा आणि कुंड्या. फोटो झकास असतो. फक्त तो थंड मुलखातला असतो, जिथे ऊन घरात ओढून आणायचं असतं. आपल्याकडे होळी झाली की त्याच उन्हाला बाहेर कसं थोपवायचं ही चिंता. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि ४५ अंशांचं तर इथे कुणाला अप्रूपही नाही. म्हणून बाजारात मिळणारी चार छपरं आणि बाजूच्या काचा इथे एकाच कसोटीवर तपासल्या आहेत: मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या खोलीत माणूस बसू शकतो का?

आधी ऊन येतं कुठून ते पाहू, कारण अर्धे पैसे चुकीच्या बाजूला खर्च होतात. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पडतच नाही. नवतपा २५ मेला लागतो, म्हणजे आजीचं पंचांग आणि खगोलाचं गणित इथे एकाच दिवसाकडे बोट दाखवतात. त्या दिवसांत सगळा मार छपरावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला दुपारी ऊन जवळपास लागतच नाही. संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला सरकून मावळतो, त्यामुळे दुपारी तीननंतर पश्चिम आणि वायव्य बाजू भाजून निघतात. डिसेंबरात उलट होतं. दुपारचा सूर्य दक्षिणेला ४५ अंशांवर असतो आणि तेव्हाचं ऊन हवंहवंसं वाटतं. तेव्हा काच दक्षिणेला, भिंत पश्चिमेला, आणि छप्पर अपारदर्शक. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

पहिलं छप्पर, पारदर्शक मल्टिवॉल पॉलिकार्बोनेट, म्हणजे आत पोकळ नळ्यांच्या रांगा असलेली प्लास्टिकची शीट. सगळ्यात जास्त हेच खपतं, आणि राहत्या खोलीवर सगळ्यात जास्त पस्तावा याचाच होतो. १२ बाय १५ फुटांची खोली धरा, म्हणजे १६.७ चौरस मीटर. मे महिन्यात भर दुपारी चौरस मीटरवर जवळपास १,००० वॅट ऊन पडतं. ६ मि.मी.ची क्लिअर शीट त्यातलं तीन चतुर्थांश आत सोडते, म्हणजे नुसत्या छपरातून सुमारे १२ किलोवॅट उष्णता. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. फक्त छपराची भरपाई करायला साडेतीन टन लागले. भिंती, काचा आणि माणसं अजून मोजलेलीच नाहीत. ब्राँझ रंगाची शीट घेतली तर आकडा आठ किलोवॅटच्या आसपास येतो, पण ती शीट स्वतः तापते आणि खाली बसलेल्याच्या टाळूवर आच सोडत राहते. ‘हीटप्रूफ आहे भाऊ, दीड टनाचा एसी लावून टाका’ हे वाक्य ऐकलं की हे गणित करून दाखवावं.

झाडांसाठी, धुण्यासाठी, जिन्यावरच्या झाकणासाठी मात्र पॉलिकार्बोनेट चांगलं. तिथे बसवण्यातल्या चुका टाळा. शीटची एकच बाजू यूव्ही-संरक्षित असते. फिल्मवर तसं छापलेलं असतं आणि तीच बाजू वर हवी. उलटी बसली की काही वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते, आणि मग गारपिटीत किंवा माकडांच्या उड्यांत तडकते. आतल्या नळ्या उताराच्या दिशेने ठेवा, आडव्या नकोत. वरचं टोक ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद करायचं, खालच्या टोकाला बारीक छिद्रांची टेप लावायची, म्हणजे आत साठलेली वाफ निघते पण धूळ शिरत नाही. दोन्हीकडे साधी चिकटपट्टी मारली की पहिल्याच पावसाळ्यात नळ्यांत हिरवं शेवाळ दिसतं. उतार किमान पाच अंश, म्हणजे मीटरमागे नऊ सें.मी.

हे शीट तापलं की वाढतं, मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०६५ मि.मी. जानेवारीच्या पहाटेचे १० अंश आणि मे महिन्यात शीट तापून ६० अंश, एवढ्या फरकात १२ फुटी शीट जवळपास १२ मि.मी. लांब होते. त्यामुळे साडेपाच मि.मी.च्या स्क्रूला ९-१० मि.मी.चं भोक, ईपीडीएमचा (ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराचा) वॉशर, आणि स्क्रू हातानेच आवळलेला हवा. काम हिवाळ्यात होत असेल तर टोकाला पूर्ण फट ठेवा. मे महिन्यात शीट आधीच लांबलेली असते, तेव्हा थोडी कमी चालते. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं, न्यूट्रल सिलिकॉन मागा. पीव्हीसीच्या रबरपट्ट्याही त्याला सोसत नाहीत.

दुसरं, साधा रंगीत पत्रा. अर्ध्या मि.मी.चा कलर-कोटेड पत्रा ऊन अडवतो पण तापतो, आणि त्याच खोलीत दोन-अडीच किलोवॅट उष्णता खाली सोडतो. निळा आणि हिरवा लोकप्रिय आहेत, पण घ्यायचाच तर पांढरा घ्या. पावसात खाली फोनवर बोलता येत नाही. गाडीसाठी ठीक, माणसांसाठी खाली इन्सुलेशन आणि फॉल्स सीलिंग केल्याशिवाय नको. तेवढं केल्यावर खर्च पुढच्या पर्यायाच्या जवळ जातोच.

तिसरं, काच. छपरावर नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कधीच नको. ती क्वचित आपोआप फुटते आणि तुकडे थेट खाली येतात. लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा मधल्या फिल्मने चिकटवलेली लागते, तीही पाच अधिक पाच मि.मी. धरली तर चौरस मीटरला २५ किलो. आपल्या खोलीवर सव्वाचारशे किलो काच चढवायची आणि वर हिरवी जाळी टाकायची, याला काही अर्थ नाही.

चौथं, ५० मि.मी.चं पफ पॅनल. राहत्या खोलीसाठी आमचा कौल यालाच. दोन्हीकडे पत्रा, मधे पॉलियुरेथेन फोम, घनता ४० किलो प्रति घनमीटरच्या आसपास. बाहेरचा पांढरा पत्रा साठ अंशांवर गेला तरी त्या १६.७ चौरस मीटरमधून आत येणारी उष्णता २०० ते २५० वॅट, म्हणजे दोन-तीन पंख्यांएवढी. पॉलिकार्बोनेटच्या १२ किलोवॅटशेजारी हा आकडा ठेवून पाहा. भाव साध्या पत्र्याच्या दुपटीहून जास्त पडतो. वजन चौरस मीटरला १० ते ११ किलो, त्यामुळे पर्लिन (पॅनलखालचे आडवे पाइप) चार-पाच फुटांवर चालतात.

पफचे दोष जोडणीत निघतात. कडा उघड्या सोडल्या की मुंग्या आणि खारी फोम पोखरतात. चारही कडांना फ्लॅशिंग, म्हणजे कड झाकणारी वाकवलेल्या पत्र्याची पट्टी हवीच. दोन पॅनलच्या सांध्यात ब्यूटाइल टेप नसेल तर तिथूनच गळतं. आणि वेल्डिंग सगळं आधी, पॅनल शेवटी. पॅनल चढवल्यावर ग्राइंडर फिरवला तर लोखंडाचा किस गरम पत्र्यावर चिकटतो आणि पहिल्या पावसानंतर पांढऱ्या छपरावर देवीच्या व्रणांसारखे गंजाचे ठिपके उमटतात. शिवाय फोम जळतो आणि धूर विषारी असतो. शेजारी स्वयंपाकघर असेल तर मधे न जळणारी दगडी लोकर असलेलं रॉकवूल पॅनल विचारा.

बाजूंबद्दल थोडक्यात. पश्चिमेला विटांची किंवा पॅनलची भिंत, वर लहान खिडकी. दक्षिणेला कमरेपासून वर सरकत्या काचा आणि दोन ते अडीच फुटांचा छज्जा. ‘डबल ग्लास लावली की ऊन येत नाही’ हे खरं नाही: साधी क्लिअर डबल काच हवेची उष्णता अडवते, ऊन बहुतांशी आत सोडतेच. ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं, म्हणून महागड्या आतल्या ब्लाइंडपेक्षा बाहेर टांगलेला बांबूचा पडदा सरस. रंगीत किंवा रिफ्लेक्टिव्ह काच टफन्डच घ्या. अर्धी उन्हात, अर्धी छज्जाच्या सावलीत असली की साधी काच कडेपासून तडकते, आणि मग कारागीर ‘कुणीतरी दगड मारला’ म्हणून मोकळा. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटी पांढऱ्याच आणि आत पोलादी पट्टी असलेल्या. गडद रंगाच्या चौकटी उन्हात वाकतात आणि झडप अडते. ॲल्युमिनियमच्या थ्री-ट्रॅकमध्ये एक ट्रॅक जाळीचा असतो. काचा सरकवूनही निम्मीच जागा उघडते, हे वारा मोजताना लक्षात ठेवा.

आता कूलर. विदर्भातल्या घरात हा मुद्दा छपराइतकाच मोठा, तरी कोटेशनमध्ये त्याचं नाव नसतं. घरचा कूलर ज्या खिडकीत आहे तीच गॅलरी बंदिस्त केली की त्याला बाहेरची ४४ अंशांची हवा मिळायची ती आता ५२ अंशांची मिळते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला चांगला कूलर सुमारे २७ अंशांची हवा देतो. ५२ अंशांची हवा खेचली तर ३० ते ३१. तीन-चार अंशांचा फरक अंगाला लगेच कळतो. त्यातच खोलीतली ओली हवा पुन्हा कूलरच्या ताट्यांतून फिरू लागली की थंडावा संपलाच, उरते ती चिकचिक. म्हणून कूलरची पाठ उघड्या हवेतच राहील अशी आखणी करा, आणि नव्या खोलीत कूलरसमोरच्या भिंतीवर छपराखाली फूटभर उंचीची जाळीची पट्टी आडव्या झडपांसह ठेवा. कूलर चालू असताना ती उघडी, लू वाहत असताना रिकाम्या खोलीत बंद.

खरी कसोटी मात्र पायाशी असते. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याप्रमाणे नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा दाब ढोबळमानाने चौरस मीटरला ११८ किलो भरतो. आपल्या खोलीच्या छपरावर तो जवळपास दोन टन. पफचं सगळं छप्पर १८५ किलोंच्या आत, म्हणजे वळवाच्या वादळात छप्पर खचण्याची भीती नाही, उडण्याची आहे. गच्चीवर आधी चार-सहा इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर असतो. त्यात ठोकलेला अँकर धरत नाही, आणि वर वॉटरप्रूफिंग फुटतं ते वेगळंच. खालच्या खोलीच्या छतावर डाग पडला की सगळे पावसाला बोल लावतात.

बरोबर रीत अशी: खांब खालच्या कॉलम किंवा बीमच्या वरच घ्या. तिथला कोबा काढून स्लॅबमध्ये केमिकल अँकरने (भोकात भरायच्या रासायनिक चिकटीने) सळया बसवा, त्यावर नऊ इंची काँक्रीटचा ठोकळा कोब्याच्या वर सहा इंच आणा, त्यावर १५० बाय १५० बाय ८ मि.मी.ची प्लेट आणि चार बोल्ट. ठोकळ्याभोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा करून कोपऱ्यात सिमेंटच्या गोल वाटा मारा. चार इंची पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) खांब टेकवू देऊ नका, फॅब्रिकेटर कितीही ‘काही होत नाही’ म्हणो. आणि घराचा नकाशा ज्यांनी केला त्या इंजिनिअरला एकदा गच्चीवर आणा. बंदिस्त बांधकामाला महापालिकेची परवानगी लागते तेव्हा तो लागणारच आहे.

कोटेशनमध्ये ‘शेड विथ ग्लास, प्रति चौरस फूट’ एवढीच ओळ असेल तर परत पाठवा. पाइपची जाडी मि.मी.त, पॅनलची जाडी आणि घनता, दोन्ही पत्र्यांची जाडी, काचेचा प्रकार, अँकरची संख्या, फ्लॅशिंग आणि ७५ मि.मी.चा पन्हाळीचा पाइप हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. पाइप आला की व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापकाने) मोजा, दोन मि.मी. सांगून दीड मि.मी. टेकवणं सर्रास चालतं. काम नोव्हेंबर-डिसेंबरात करून घ्या, आणि दहा टक्के रक्कम जूनमधल्या पहिल्या दमदार पावसापर्यंत हातात ठेवायची हे आगाऊ देतानाच लेखी ठरवा.