नागपूरच्या उन्हाळ्यात कस्टम लूप : आरटीएक्स ४०९० साठी जोडलेल्या वॉटर कूलिंगचे परीक्षण

संगणक पाण्याने थंड ठेवणारे, सगळे भाग कारखान्यातच जोडलेले तयार एआयओ कूलर सहज मिळत असताना पंप, रेडिएटर, ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा), नळी आणि फिटिंग वेगवेगळे विकत घेऊन कस्टम लूप, म्हणजे पाणी फिरवत ठेवणारी स्वतःची मांडणी, जोडावी का, याचा निर्णय विदर्भात राहणाऱ्याने परदेशी चाचण्यांतील आकडे पाहून घेऊ नये. त्या चाचण्यांतील खोली बहुधा वातानुकूलित असते. आमच्याकडे मे महिन्यात डेझर्ट कूलर दिवसभर घरघरत असूनही खोलीचे तापमान ३३-३४ अंशांवर अडून बसते, आणि लूपमधले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. त्यामुळे या परीक्षणात मी मुख्यतः एवढेच पाहिले, की पाणी खोलीपेक्षा किती अंशांनी वर राहते आणि त्यासाठी पंख्यांचा किती आवाज सोसावा लागतो.

संगणकात रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड आहे. दोन्हींवर ब्लॉक, ३६० मिमीचे दोन तांब्याचे रेडिएटर, टाकीसह डी-५ पंप आणि काळी ईपीडीएम रबरी नळी, असा साधा संच आहे. कडक पारदर्शक नळी दिसते देखणी, पण तिची वळणे हीट गनने देत बसावी लागतात आणि पुढे एक भाग काढायचा झाला तरी सगळी मांडणी खोलावी लागते. रबरी नळी कात्रीने कापली, फिटिंगवर दाबली आणि कॉलर आवळली की काम झाले.

संचातला सर्वांत समाधानकारक भाग म्हणजे पंप. डी-५ ची रचना मूळची घरगुती गरम पाणी फिरवणाऱ्या लेंग कंपनीच्या पंपांची आहे. त्याच्या फिरत्या भागाला दांडा नसतो. तो एका छोट्या सिरॅमिक गोळीवर तोललेला असतो आणि त्याला वंगण मिळते ते पाण्याचेच. म्हणूनच तो कोरडा चालवायचा नसतो. भरणी करताना टाकीतले पाणी झपाट्याने खाली जाते. तेव्हा पंप बंद करून पाणी ओतायचे, पुन्हा क्षणभर चालवायचा, केबिनेट थोडे तिरके करून हवेचे बुडबुडे वर आणायचे, असा क्रम धीराने पाळावा लागतो. पूर्ण वेगावर त्याची बारीक गुणगुण ऐकू येते, निम्म्या वेगावर मात्र तो चालू आहे की नाही हे टाकीत डोकावूनच कळते.

खोली ३४ अंशांवर असताना बराच वेळ खेळल्यानंतर पाणी ४४ अंशांच्या आसपास स्थिरावते आणि ग्राफिक्स कार्ड ६० अंशांच्या आतच राहते, तेही पंखे संथ गतीने फिरत असताना. ४५० वॅटपर्यंत वीज घेणाऱ्या कार्डासाठी हा निकाल उत्तम आहे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र प्रोसेसरवर बसवायच्या, पंख्याच्या हवेने थंड करणाऱ्या चांगल्या कूलरच्या तुलनेत फरक किरकोळच पडतो, कारण या चिपमध्ये जादा कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी) गणना करणाऱ्या कोअरच्या वर रचलेली असल्याने उष्णता ब्लॉकपर्यंत पोहोचतानाच अडते. पुढच्या ९८००एक्स३डी मध्ये ही रचना उलटी करून कॅश खाली नेली आहे. केवळ प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी एवढा घाट घालण्यात अर्थ नाही.

ब्लॉक आणि रेडिएटर यांचा क्रम कोणता असावा, यावर विनाकारण वाद होतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ५०० वॅट उष्णतेनेही लूपमधल्या दोन ठिकाणांच्या पाण्यात जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो. म्हणून नळी जिथून सरळ जाईल तिथून न्यावी. त्यापेक्षा लूपमध्ये पाण्याचा तापमान सेन्सर बसवून पंख्यांचा वेग त्यावर बांधावा. प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळते, पाणी सावकाश तापते, आणि त्यामुळे पंख्यांची सततची चढउतार थांबते. आवाजाच्या दृष्टीने संचातला सर्वांत मोलाचा भाग हा स्वस्त सेन्सरच ठरला.

डेझर्ट कूलरच्या दमट हवेमुळे संगणकाच्या आत दव धरेल, ही भीती निराधार आहे, कारण पाणी खोलीपेक्षा नेहमी गरमच असते. धूळ हा मात्र खरा शत्रू आहे. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत ती बसली की पाण्याचे तापमान हळूहळू चढत जाते. दुसरी काळजी धातूंची घ्यावी. तांब्याचे ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजू लागते. इन्व्हर्टरसाठी मिळणारे बॅटरीचे पाणी स्वस्त असले तरी गंजरोधक आणि शेवाळरोधक घातल्याशिवाय ते वापरू नये. एका विक्रेत्याकडून आलेल्या दोन फिटिंगमध्ये ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारे रबरी कडेच, नव्हती, त्यामुळे प्रत्येक फिटिंग बसवण्याआधी उलटून पाहणे आवश्यक आहे. त्यानंतर हवेच्या दाबाने गळती तपासावी, आणि पाणी भरल्यावर फक्त पंपाला वीज देऊन सांध्यांखाली टिश्यू पेपर ठेवावा.

खर्चाचा अंदाज करताना लोक ब्लॉक आणि रेडिएटर धरतात, आणि फिटिंग विसरतात. त्यांची बेरीज सहज पंपाच्या किमतीला भिडते. पुढे आरटीएक्स ५०९० घेतले तर पंप, रेडिएटर, फिटिंग आणि प्रोसेसरचा ब्लॉक तसेच चालतील. कार्डाचा ब्लॉक मात्र त्या एकाच मॉडेलच्या सर्किट बोर्डाच्या मापाने कोरलेला असल्याने, जुने कार्ड विकताना तो त्याच्यासोबतच द्यावा लागेल.