साळिंदर की खवले मांजर? रात्रीचा पाहुणा ओळखा

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) माडाचं कोवळं रोप बुडाशी कुरतडलेलं दिसलं, तर चोर बहुधा साळिंदर. वारूळ उकरलेलं असेल तर संशय खवले मांजरावर. त्याला एकही दात नाही. लांब चिकट जिभेने मुंग्या-वाळवी ओढायची, दळण पोटात, गिळलेल्या खड्यांवर. साळिंदराचे पुढचे दात मात्र वाढतच राहतात, म्हणून ते बिळाशी हाडं आणून कुरतडत बसतं. दात झिजतात, वर कॅल्शियम!

घाबरलं की खवले मांजर चेंडू होतं. बिबट्या वैतागतो, शिकारी तोच चेंडू आयता पोत्यात घालतो. साळिंदर काटे फेकतं ही निव्वळ थाप. आधी शेपटी खुळखुळवतं, मग उलटं धावत अंगावर येतं. कुत्र्याच्या थोबाडात घुसलेले काटे घरी उपटू नका. मोडून टोक आत राहतं.