खिडक्यांना प्लास्टिक लावून कॅनडातल्या एडमंटनचा एक हिवाळा काढला – सहा महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२३ ला लावलं आणि आत्ता एप्रिलच्या शेवटी काढलं, म्हणून आता लिहितेय. लावल्या दिवशीच पाच स्टार देणारे भरपूर असतात, त्यांना टेप निघताना काय होतं ते माहीत नसतं.

आधी घर सांगते. भाड्याचं, साठच्या दशकातलं, बेसमेंटमध्ये घरभर गरम हवा सोडणारी गॅसची फर्नेस, आणि खिडक्या लाकडी चौकटीत बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या, खडखड वाजणाऱ्या. मी निफाडची. आमच्याकडे पारा ५-६ वर आला की पेपरात बातमी येते आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, इथे उणे २० ला लोक कुत्रं फिरवायला निघतात. पहिल्या हिवाळ्यात आम्ही थर्मोस्टॅट २३ वर ठेवून बसायचो, फर्नेस आपली घरघर चालू, तरी सोफ्यावर टेकलं की मानेवर गार झुळूक यायचीच. मग नवऱ्याने १५०० वॅटचा हीटर आणला. रात्री ८ तास लावला की १२ युनिट, महिन्याला ३६०, आणि इथे गॅसच्या मानाने वीज फार महाग पडते. हिशोब असा की गॅस गिगाज्युलमध्ये मोजतात आणि १ गिगाज्युल म्हणजे साधारण २७८ युनिट, म्हणजे युनिटला नुसते १० सेंट धरले तरी तेवढ्या उबेचे २७-२८ डॉलर, आणि आमच्या गॅसचा गिगाज्युल टॅक्सबिक्स धरूनही त्याच्या निम्म्याच्या आत येतो. हीटर माळ्यावर गेला.

तर हे खिडकीच्या प्लास्टिकचं किट. हार्डवेअरच्या दुकानात वीस-पंचवीस डॉलरला मिळतं, पाच खिडक्यांपुरती पातळ फिल्म आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. चौकट अल्कोहोलने पुसायची, टेप चारी बाजूंनी दाबून लावायची, आम्ही रात्रभर तशीच ठेवली, मग फिल्म चिकटवायची आणि हेअर ड्रायर फिरवायचा. हा ड्रायरचा भाग बघण्यासारखा आहे, सुरुवातीला ते चुरगळलेल्या पिशवीसारखं लोंबतं, तुम्हाला वाटतं पैसे गेले, आणि गरम हवा लागली की सुरकुत्या पळतात आणि ढोलकीच्या पानासारखं ताणून बसतं, टिचकी मारली तर वाजतं. ड्रायर फार जवळ नेऊ नका, पहिल्या खिडकीला मी भोक पाडलं.

काच आणि फिल्म यांच्यामध्ये हवा अडकून राहते, ती हलत नाही, काम तेवढंच. वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "अगं, घडांना पेपर लावतो तसं केलंस की तू!" आमच्याकडे एक्स्पोर्टच्या द्राक्षांना गुंडाळतात ना, ते.

पण खरं सांगायचं तर खिडक्यांपेक्षा जास्त चोर दुसरीकडे सापडले. मी उदबत्ती पेटवून घरभर फिरले, फर्नेस बंद, बाहेर वारा होता त्या दिवशी, आणि जिथे धूर वाकडा जातो तिथे पेन्सिलने खूण. मागच्या दाराखाली तर धूर आडवाच झाला. आणि बाहेरच्या भिंतीवरचे प्लग पॉइंट, हे माझ्या डोक्यातच नव्हतं, त्यातूनही हवा येते. त्याला फोमच्या छोट्या गॅस्केट मिळतात, मेन स्विच बंद करून कव्हरच्या मागे बसवायच्या. दाराला फोमची पट्टी, आणि खाली जुन्या साडीची घट्ट सुरळी, सासूबाईंची इरकली होती, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. पारा उणे ४० च्या आसपास, तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात त्यामुळे अमेरिकेतल्या बहिणीला समजावावं लागत नाही. शनिवार १३ जानेवारी, दुसऱ्या दिवशी भोगी, मी संध्याकाळी कढईत तीळ भाजत होते आणि घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. आमच्या अख्ख्या अल्बर्टा प्रांताला अलर्ट, वीज कमी पडतेय, हीटर बंद करा, मोठी उपकरणं बंद करा, नाहीतर आळीपाळीने लाइट जाईल. लोडशेडिंग कॅनडात येऊन भेटेल असं वाटलं नव्हतं. इथली शेगडी विजेवरची, बंद केली. मग डोक्यात आलं की फर्नेस गॅसवर असली तरी तिचा पंखा विजेवर, लाइट गेली तर तीही गेली. एवढ्या लोकांनी बटणं बंद केली की काही मिनिटांत मागणी उतरली आणि लाइट गेली नाही. लाडू सोमवारी वळले. पण त्या संध्याकाळी थर्मोस्टॅट १८ वर आणला तरी पोरं हॉलमध्ये खेळत होती, मागच्या वर्षी २३ लाही गोधडी सोडत नव्हती.

आता तक्रारी. किचनच्या खिडकीला एका कोपऱ्यात टेप नीट बसली नव्हती, तिथून कुकरची वाफ आत शिरली आणि काचेवर बर्फाचा थर जमला, तो वितळला की चौकटीत पाणी. एक्झॉस्ट फॅन लावत जा आणि कडाक्याच्या थंडीत ह्युमिडिफायर कमी करा, हे मला उशिरा कळलं. दुसरं, लावली की खिडकी उघडत नाही, म्हणून बेडरूमच्या खिडक्या मी तशाच मोकळ्या ठेवल्या, आग लागली तर बाहेर पडायला, तिथे फक्त जाड पडदे. आणि टेप काढताना लाकडी चौकटीचा रंग दोन ठिकाणी निघाला, नंतर ड्रायरने गरम करून हळू सोलली तर नीट निघाली. घरमालकाला रंगाचा डबा आणून दिला.

बिल किती कमी झालं म्हणाल तर कमी झालंय, पण सगळं श्रेय फिल्मला देणार नाही, कारण डिसेंबर २०२३ इथे भलताच उबदार होता, ख्रिसमसला धड बर्फही नव्हता. शिवाय बिलातली फिक्स फी वापर कमी केला म्हणून उतरत नाही. मी बघते ते थर्मोस्टॅटकडे, सगळा हिवाळा दिवसा २० आणि रात्री १७, भांडण न होता. दुपारी दक्षिणेच्या खिडकीचे पडदे उघडे, ऊन फिल्ममधून मस्त येतं, अंधार पडला की बंद.

स्वतःचं घर असेल आणि खिडक्या बदलणार असाल तर याच्या नादी लागू नका. भाड्याने असाल तर घ्या, फक्त टेप जास्तीची घ्या, किटमधली आमच्या मोठ्या खिडकीला पुरली नाही. मी सेलमध्ये अजून दोन किट घेऊन ठेवलेत, आणि इरकलीच्या जागी जुनी जीन्स शिवतेय, सासूबाई जूनमध्ये येताहेत.