जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोल्हापूर : कैद्याच्या शैक्षणिक कर्जासाठी मोफत मदत

माझा पुतण्या कळंबा कारागृहात कच्चा कैदी आहे, आणि तो आत असतानाच त्याच्या अभियांत्रिकीच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झाले. अभ्यासक्रमानंतर एक वर्ष हप्ते न भरण्याची सवलत अटकेमुळे वाढत नाही. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए (थकीत कर्ज) होते आणि सहकर्जदार असलेल्या वडिलांचा सिबिलही (कर्जफेडीची नोंद) त्यासोबत बिघडतो. आमच्या वकिलांचे सारे लक्ष जामिनावर असल्याने आम्ही कसबा बावड्यातील न्यायसंकुलात प्राधिकरणाचे कार्यालय गाठले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते आणि ते फौजदारी खटल्यापुरते मर्यादित नाही, हे तेथेच समजले. आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही.

खरा घोळ सहीचा होता. बँकेच्या शाखेत (नाव घेत नाही) आम्हाला "कर्जदाराला प्रत्यक्ष घेऊन या" असे सांगण्यात आले होते. कळंब्याच्या भिंतीआडून त्याला कसे आणायचे, हे मात्र त्या साहेबांनी सांगितले नाही. प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकीलबाईंनी कर्जाची मुदत वाढवून मिळण्याचा अर्ज आणि वडिलांच्या नावे अधिकारपत्र तयार केले. दोन्हींवर पुतण्याची सही कारागृहातच झाली आणि तिच्याखाली तुरुंगाधिकाऱ्यांनी "माझ्यासमक्ष" असे लिहून, सही करून गोल शिक्का मारला. तो शिक्का पाहताच शाखेतील सूर बदलला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेण्याचा बाईंचा आग्रहही योग्य होता, कारण बँकेने 30 दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते आणि तेव्हा ती पोच कामी येते. आमच्यावर तशी वेळ आली नाही. मुदत वाढली, हप्ता वडिलांच्या आवाक्यात आला. एकूण व्याज अर्थातच जास्त जाणार आहे.

या सेवेला कायद्याच्याच मर्यादा आहेत. प्राधिकरणाच्या लोकअदालतीत ठेवलेले प्रकरण दोन्ही पक्ष राजी असतील तरच मिटते. बँकेवर सक्ती करता येत नाही. मिटले तर मात्र त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. एकरकमी तडजोडीचा मोह आम्हालाही झाला होता, परंतु सवलत घेऊन मिटवलेल्या कर्जापुढे सिबिलमध्ये "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि सुटून आलेल्या मुलाला पुढे कर्ज मिळणे त्यामुळे अवघड होते, हे बाईंनी आधीच स्पष्ट केले. कोणत्याही खासगी सल्लागाराने इतके रोखठोक सांगितले असते असे मला वाटत नाही.

पाचपैकी साडेचार गुण. जाताना कर्जमंजुरीचे पत्र, खाते उतारा आणि कैद्याचा बंदी क्रमांक सोबत न्यावा. पहिल्या चौकशीसाठी 15100 ही हेल्पलाइन आहे. आणि खाते एनपीए होण्याआधी जावे, नंतर बँक फारसे ऐकून घेत नाही.