क्यूजीआयएस: अधिकृत मॅन्युअल की वापरणाऱ्यांचे धडे? वर्षभराच्या कामानंतर

मी सांगलीत नकाशांची कामं करतो. पलूस-वाळव्याकडच्या ग्रामपंचायतींसाठी पुराचं पाणी कुठल्या गटात, कुठल्या गल्लीत शिरतं ते नकाशावर दाखवणं, हे त्यातलं मोठं काम. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी ४५ फूट आहे. असा नकाशा चुकून चालत नाही. म्हणून क्यूजीआयएस हे नकाशे करायचं खुलं सॉफ्टवेअर शिकताना, त्याचं अधिकृत मॅन्युअल आणि वापरणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले धडे यांतली कुठली माहिती किती भरवशाची, हे मी फार बारकाईने पाहत आलो.

अधिकृत मॅन्युअलबद्दल पहिली तक्रार सगळ्यांची एकच असते, की ते रुक्ष आहे. आहेच. पण प्रत्येक साधनाचं पान उघडलं की कुठल्या रकान्यात काय भरायचं, न भरल्यास काय गृहीत धरलं जातं, हे स्पष्ट लिहिलेलं सापडतं. नदीकाठापासून १०० मीटरचा पट्टा काढायचा असेल, तर बफर (असा पट्टा काढायचं साधन) मधलं अंतर लेयरच्या, म्हणजे नकाशातल्या त्या माहितीच्या थराच्या, एककात मोजलं जातं. लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर १०० म्हणजे १०० अंश! सांगलीसाठी लेयर आधी यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक प्रणालीत (जागा आकड्यांत सांगायच्या पद्धतीत) न्यावा लागतो; तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. वापरणाऱ्यांच्या कित्येक धड्यांत नुसतं ‘अंतर टाका, रन दाबा’ एवढंच असतं, कारण लिहिणाऱ्याचा डेटा आधीच मीटरमध्ये असतो.

दुसरा मुद्दा आवृत्तीचा. २०१८ साली ३.० आली आणि छापायचा नकाशा मांडायच्या ‘प्रिंट कंपोझर’चं ‘लेआउट’ झालं, प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेवर गेले. जुने धडे मात्र आहेत तिथेच आहेत. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं कंपोझर शोधत बसतात आणि सॉफ्टवेअरच बिघडलंय असं समजतात. अधिकृत मॅन्युअल दीर्घ मुदतीच्या, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या, आवृत्तीबरोबर निघतं, त्यामुळे आपली आवृत्ती निवडली की स्क्रीन आणि पान बऱ्यापैकी जुळतं.

तरीही नुसत्या मॅन्युअलवर माझं काम झालं नसतं. त्यात एकेक साधन समजतं, पण गावचा नकाशा स्कॅन करून तो जागेवर बसवणं, गट आखणं, पूररेषा टाकणं आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येईल असा कागद काढणं, हा क्रम सापडत नाही. अधिकृत प्रशिक्षण पुस्तिका आहे, चांगलीही आहे. पण तिचा सराव दक्षिण आफ्रिकेतल्या स्वेलेंडमच्या डेटावर चालतो. आपल्याकडचा सातबारा आणि गट नंबर त्यात कुठून येणार?

देवनागरीची अडचण तर वापरणाऱ्यांनीच सोडवली. नकाशाचा डेटा ठेवायच्या शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारात कॉलमच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा आहे, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं तर ती १० बाइटची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा त्यात आले. म्हणजे जेमतेम तीन चिन्हं मावतात. ‘गटनंबर’ पुरा बसतच नाही. हे मला अशाच एका कामकरी माणसाच्या टिपणातून कळलं. त्याला स्वतःला हीच अडचण आली होती, म्हणून त्यानं कारणासकट लिहून ठेवलं होतं. उपाय सोपा आहे: शेपफाइल सोडून जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात जतन करायचं. तेव्हापासून माझ्या डेटात कॉलमची मराठी नावं पूर्ण येतात.

आणि ‘अधिकृत’ म्हणजे कुठल्या कंपनीच्या पगारी लोकांनी लिहिलेलं, असं इथे समजू नये. क्यूजीआयएस २००२ पासून लोकांच्या सहभागावरच वाढलंय. मॅन्युअलचा मजकूर गिटहब या वेबसाइटवर खुला आहे, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. फरक इतकाच, की तिथे आलेला बदल दुसरं कुणी वाचून मग आत घेतं. एकट्यानं लिहिलेल्या धड्याला ही चाळणी नसते.

माझ्याकडे नवीन येणाऱ्याला मी आता आधी एखादा धडा देतो, कामाची गोडी लागावी म्हणून. पण आकडा टाकायची वेळ आली की मॅन्युअलचं पान उघडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आणि जे कुणी मराठीतून धडे लिहितायत त्यांना कळकळीची विनंती: अगदी वर, पहिल्या ओळीत, आवृत्ती लिहा, लेयरची निर्देशांक प्रणाली लिहा आणि डेटा कुठून घेतला तेही लिहा.