घोड्यांसोबत स्वयंसेवा: स्वाराच्या बाजूला की पागेत?

घोड्यांसोबत स्वयंसेवा करायची तर दोन वाटा आहेत. पहिली, उपचारात्मक घोडेस्वारीच्या केंद्रात दिव्यांग स्वाराच्या बाजूने चालण्याची. पोलिओ झालेल्या डॅनिश घोडेस्वार लिस हार्टेल यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरावीक चाली नेमकेपणाने करून घेण्याच्या स्पर्धेचं) रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून या उपचाराला मोठं बळ मिळालं. इथे कधी आधार द्यायचा आणि कधी हात मागे घ्यायचा, हे कळू लागतं. प्रशिक्षक सोबत असतो, त्यामुळे नवख्याला सोपं.

दुसरी वाट हाल सोसून आलेल्या घोड्यांच्या निवाऱ्याची. लीद उचला, पाणी भरा, खरारा करा, खूर साफ करा. घोडा मुळात भक्ष्य होणारा प्राणी. त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, पण थेट शेपटीमागचं नाही. म्हणून आवाज देत, खांद्याच्या बाजूनेच जवळ जायचं. मार खाल्लेला घोडा तर तुमचे ताठलेले खांदे, रोखलेला श्वासही टिपतो. मनात राग घेऊन गेलात की तो सरकलाच दूर. तिथे सबबी चालत नाहीत! आठवडेच्या आठवडे जातात, आणि एक दिवस तो आपणहून मान खाली करून जवळ येतो.

माणसांत मिसळायला बुजत असाल आणि ती भीड मोडायची असेल तर केंद्र बरं. संयम कमी पडतो असं वाटत असेल, तर तो शिकायला मी निवाराच सुचवेन.